चापाजी टिळेकराचं भूत का नाही?

मराठी भुतांची केवढी मोठी वस्ती आहे, आणि त्या वस्तीत कोण कुणाचं भूत हे किती काटेकोर ठरलेलं आहे! मला हे या पावसाळ्यात कळलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला थांबवून मी सांगते आहे. मुंज झाली, सोडमुंज राहिली आणि मुलगा गेला, की त्याचा मुंजा होतो. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत बाई गेली की हडळ. पोटुशी असताना गेली की अळवंतीण. नवरा मागे असताना गेली तर जखीण, विधवा असेल तर लावसट. मालमत्तेत जीव अडकलेला ब्राह्मण गेला की समंध. कोळी किंवा खारवी असेल तर झोटिंग, मुसलमान असेल तर खवीस, लग्न झालेला शूद्र असेल तर देवचार. पाण्यात बुडाला त्याचा गिऱ्हा. बायका, पोरं, दर्यावर्दी, शेतकरी, भटजी, सगळे आहेत! एवढ्या तऱ्हांची माणसं मराठीतल्या कुठल्या एका पुस्तकात एकत्र आली आहेत, सांगा मला.

मी या वाटेला लागले ती माझ्या भाचीमुळे. ती अकरावीत आहे, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या दुकानांतून इंग्रजी पुस्तकं उचलते आणि वाचून झाली की माझ्याकडे आणून टाकते. तिने आणलं 'व्हॅम्पायर्स नेव्हर गेट ओल्ड'. किशोरवयीन वाचकांसाठीचा २०२० सालचा अमेरिकन कथासंग्रह, संपादक झोराइडा कोर्डोव्हा आणि नॅटली सी. पार्कर. अकरा कथा, सगळ्या रक्तपिपासूंच्या. "मावशी, ती व्हीलचेअरवाली आधी वाच," एवढंच ती म्हणाली. केला व्हेली या लेखिकेची ती कथा, 'इन काइंड'. एका अपंग मुलीला तिचा बापच मारतो, जग त्या बापाची कीव करतं, आणि मुलगी व्हॅम्पायर होऊन परत येते. इथपर्यंत मला वाटत होतं, आता ती उठून चालायला लागणार. नाही! ती व्हॅम्पायर होते तरी व्हीलचेअरवरच राहते. ताकद येते, भूक येते, शरीर तिचंच राहतं. मी पुस्तक मिटून खोलीत फेऱ्या मारायला लागले. भयकथेत लंगडा माणूस, एकाक्ष म्हातारी, कुबडा राखणदार कशासाठी येतात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं: आपल्याला दचकवायला. इथे तीच मुलगी कथा सांगत होती, आणि दचकायची पाळी तिच्यावर दया दाखवणाऱ्यांची होती.

त्याच पुस्तकात समीरा अहमद यांची एक कथा आहे, नव्याने व्हॅम्पायर झालेल्या देशी मुलामुलींसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेच्या रूपात. चावणारे इंग्रज! दीडशे वर्षांचं राज्य, लूट, संग्रहालयात नेऊन ठेवलेल्या वस्तू, सगळं त्या एका चाव्यात आलंय, आणि वाचताना हसूही येतं आणि दातही शिवशिवतात. मग मी शोधत सुटले. २०२४ मध्ये आलेल्या एका संग्रहाचं नावच आहे 'द ब्लॅक गर्ल सर्व्हाइव्ज इन धिस वन', म्हणजे या खेपेला काळी मुलगी जगते. अमेरिकन भयपटांत काळं पात्र लवकर मरतं हे तिथल्या पोरांना इतकं पाठ झालेलं आहे, की ती जगते हीच बातमी आहे.

भाचीने मग अगदी सरळ विचारलं, "मराठीत काय आहे असं?"

मराठीत काय नाही! नारायण धारप याच पुण्यात जन्मले, १९२५ साली. त्यांचा समर्थ, त्यांचे कृष्णचंद्र आणि आप्पा जोशी, त्यांची 'लुचाई', यांच्यावर दोन-तीन पिढ्या रात्री दिवा चालू ठेवून झोपल्या आहेत. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटात ती भयंकर आजी आहे ना, तिची मुळं धारपांच्या 'आजी' या कथेपर्यंत पोचतात. रत्नाकर मतकरींनी तर गूढकथेला माणसाच्या मनात नेऊन बसवलं. 'खेकडा' वाचून ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा वाचक मला अजून भेटायचा आहे. आणि त्याच मतकरींनी २०१४ मध्ये ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, वस्त्यांतल्या मुलांनी स्वतः नाटक लिहायचं, बसवायचं, करायचं. भीती रचण्यात हयात घालवलेला लेखक उतारवयात वस्तीतल्या पोरांच्या हातात रंगमंच देतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०२० च्या मे महिन्यात करोनाने त्यांना नेलं.

पण भाचीच्या प्रश्नाने माझे डोळे वेगळेच झाले होते. घरातले भयकथांचे जुने दिवाळी अंक मी पुन्हा काढले, आणि एक माणूस मला पानापानावर दिसायला लागला. वाड्याच्या फाटकाशी उभा असलेला. तो रखवालदार असतो, माळी असतो, कधी भांडी घासणारी बाई असते. तो म्हणतो, "सायेब, तिकडं नका जाऊ." सायेब जातात. पुढचं सगळं सायेबांचं: भीती त्यांची, धाडस त्यांचं, सुटका त्यांची. मला एकदम त्या रखवालदाराची ओढ लागली. त्याला कसं कळलं तिकडे जायचं नसतं? तो कधी गेला होता? त्याचं कोण गेलं होतं तिकडे? त्याची बोली कथेत येते, त्याची गोष्ट येत नाही. आणि ही त्याची गोष्ट कुठे तरी लिहिलेली असणार, असं मनाने घेतलं.

तशी सापडली ती भुतांची यादी! आर. ई. एन्थोवेन यांचं कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक, १९१५ चं, आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्याच्या मागची हकिगतच अंगावर येणारी आहे. ही माहिती गोळा करवली ती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. होय, तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेला असताना अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने गोळ्या घातल्या. शाळेच्या इतिहासात जॅक्सन एवढ्या एका ओळीपुरता भेटतो. पण या माणसाने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवल्या होत्या, तुमच्याकडे कुठली भुतं आहेत, ती कुठे राहतात, काय मागतात. मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सन गेला, कागद राहिले, एन्थोवेननी ते लावून छापले. पानाच्या तळाशी अजून टिपा आहेत: अमुक गावचा मास्तर, रत्नागिरी, तमुक गावचा मास्तर, कुलाबा. कंदिलाशी बसून एखादा मास्तर सरकारी कागदावर हडळीचं वर्णन लिहितो आहे, हे डोळ्यांसमोर आणून बघा!

त्या मास्तरांच्या उत्तरांत मला जे दिसलं ते सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे. मरणानंतरही सगळ्यांना सारखी वागणूक नाही. मुंजा बघा. तोही अकाली गेला, त्याचीही इच्छा राहिली. त्याला पिंपळ मिळतो. पिंपळाला पार बांधतात, शेंदूर लावतात, आमच्या पुण्यात धानोरीकडे अख्खी मुंजाबा वस्ती आहे. आणि हडळ? बाळंतपणात मेलेली बाई, बहुतेक वेळा सोळा-सतराची पोर, त्या काळातलं लग्नाचं वय बघता. ती परत येऊ नये म्हणून घरच्यांनी उंबऱ्यात खिळे ठोकायचे. घरापासून स्मशानापर्यंतच्या वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जायचं. ज्या घरासाठी मूल जन्माला घालताना ती मेली, त्याच घराच्या उंबऱ्यात खिळा! मुलाला पार, मुलीला खिळा. मी हे वाचलं तेव्हा लिहिणाऱ्या मास्तरांचा राग आला नाही, उलट त्यांचे आभार मानावेसे वाटले, कारण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून मला शंभर वर्षांनी त्या पोरीची बाजू दिसली.

मुंज्याचं नशीब तर हल्ली फारच फळफळलं आहे. २०२४ च्या जूनमध्ये 'मुंज्या' नावाचा हिंदी चित्रपट आला, कोकणातलाच, दिग्दर्शक आपल्या पुण्याच्या सरपोतदार घराण्यातले आदित्य, आणि त्याने शंभर कोटींच्या वर धंदा केला. याच दिग्दर्शकाचा २०२२ चा 'झोंबिवली' मला जास्त जवळचा वाटतो. डोंबिवलीत झाँबी, एकीकडे टॉवर, एकीकडे झोपडपट्टी, आणि शेवटी जगायचं तर दोघांनी एका बाजूला उभं राहायचं. सिनेमाला हे सुचलं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या मराठी भयकथेनेही हे करावं, आणि धडाक्यात करावं, असं मला आतून वाटायला लागलं आहे.

आता शनिवारवाडा. इथे तर मी अक्षरशः उडालेच.

पुण्यातलं सगळ्यात नावाजलेलं भूत कोण? कुणालाही विचारा. अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' असा आवाज येतो म्हणतात तो नारायणराव पेशवा. पण त्याचं वय कुणी लक्षात घेतं का? १० ऑगस्ट १७५५ चा त्याचा जन्म, ३० ऑगस्ट १७७३ ला खून. नुकताच अठरा पूर्ण झालेला मुलगा! आजच्या हिशेबाने बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असता. पुण्याचं सर्वांत प्रसिद्ध भूत किशोरवयीन आहे, आणि आपण त्याला पगडी घालून मोठा माणूस करून टाकलं आहे. शिवाय गोष्ट रात्रीची करून टाकली आहे. गारदी आत घुसले ते भर दुपारी. पगाराची थकबाकी मागत आले होते, सुमेरसिंग पुढे होता. नारायणराव पळत काकाकडे गेला, राघोबाला मिठी मारली, तुळाजी पवाराने त्याला ओढून काढलं.

आणि तेव्हा, ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलेलं आहे हे, चापाजी टिळेकर नावाचा एक हुजऱ्या हातात काही नसताना धावत आला आणि त्या मुलाच्या अंगावर आडवा पडला. तलवारी दोघांवर एकदमच चालल्या. दोघं एकत्र मेले.

हे वाचून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वाड्यात गेले. दिल्ली दरवाज्याचे ते हत्तींसाठीचे खिळे, आतली हिरवळ, कारंज्याचे दगड, आणि जिकडेतिकडे मोबाइल धरून आवाज शोधणारी मुलं. एका गटातला मुलगा मित्रांना गोष्ट सांगत होता, फार छान सांगत होता, थांबत, आवाज बदलत. गोष्ट संपल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि चापाजीबद्दल सांगितलं. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मग त्याचा आवाज का येत नाही?" हाच! हाच प्रश्न! पेशव्याचा आवाज अडीचशे वर्षं टिकला आणि ज्याने स्वतःचं अंग मध्ये घातलं त्याचा टिकला नाही. त्या दुपारी वाड्यात नारायणरावाखेरीज आणखी माणसं मेली, हुजरे होते, दासीही होत्या. दासींची तर नावंही सहज सापडत नाहीत. वाडा एकच, दुपार एकच, तलवारी त्याच, आणि भूत फक्त एकाचं.

भयकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं घबाड कुठे मिळणार? इतिहासाला पुरावा लागतो. दासी काय म्हणाली याचा कागद नसेल तर इतिहासकार गप्प बसतो, आणि बसायलाच हवं. पण भुताला कागद लागत नाही. ज्याची नोंद नाही त्याला बोलायला लावणारा साहित्यप्रकार आपल्या हातात आहे, आणि तो पोरांना आधीच आवडतो, त्यांना तो वाचा म्हणून मागे लागावं लागत नाही. मला एकच गोष्ट म्हणायची आहे आणि ती मी घसा बसेपर्यंत म्हणणार आहे: आपल्या लोककथेने ज्याचं ज्याचं काही राहून गेलं त्या प्रत्येकाला भूत होण्याचा हक्क दिला, आता लिहिलेल्या कथेने त्यांना निवेदक होण्याचा हक्क द्यावा.

वेताळच बघा ना. तो भुतांचा राजा, त्याची पालखी निघते तेव्हा सगळ्या जातींची भुतं मशाली घेऊन मागे असतात. पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी त्याच्या नावाची, आजची गुरुवार पेठ पूर्वीची वेताळ पेठ. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी याच टेकड्यांवर फिरत दगडांची हत्यारं शोधायचे आणि वेताळ, म्हसोबा, आसरा यांच्यामागे धनगरांच्या, गुराख्यांच्या जुन्या वाटा बघायचे. म्हणजे सकाळी टेकडीवर फिरायला जाणारं निम्मं पुणे भुतांच्या राजाला रोज भेटून येतं, आणि त्याच्या प्रजेबद्दल एक ओळ वाचत नाही!

एक कथा मात्र आपल्याकडे केव्हाच लिहून झालेली आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. ती शाळेत वाचलेली असते, पण आत्ता, भयकथा म्हणून, पुन्हा वाचा. खाणीतलं काम सुटलेला भीमा रात्री स्मशानात जातो आणि राखेत, मढ्यांच्या तोंडात सोन्याचा कण शोधतो. कोल्ह्यांशी झटतो. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. एकही भूत नाही, आणि धारपांच्या कुठल्याही कथेइतकी ती रात्र काळी आहे. नेहमीच्या भयकथेत नायक स्मशानाला घाबरतो. भीमाला ते परवडत नाही. वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेल्या, शाळेत फारसं न गेलेल्या अण्णा भाऊंनी भयकथेचा पायाच फिरवून टाकला, आणि आपण ती कथा फक्त 'सामाजिक' म्हणून एका खणात ठेवून दिली. भाचीला मी ती मोठ्याने वाचून दाखवली. शेवटी ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

माझी एक मैत्रीण दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत मुलांची अभ्यासिका चालवते. मी तिला रात्रीच फोन केला, म्हटलं मला ही यादी तुझ्या मुलांना वाचून दाखवायची आहे. तिला थोडी काळजी होती, आणि ती रास्त होती. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच शहरात, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुलावर गोळ्या घातल्या. त्यांच्या जाण्यानंतर काही दिवसांत जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम निघाला, त्याच डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं आज गुन्हा आहे. नंदुरबारकडे अजून बाईला डाकीण ठरवतात, तिचा जीव घेतात. अशा राज्यात मुलांना हडळीच्या गोष्टी सांगायच्या का? मी म्हटलं, म्हणूनच सांगायच्या! हडळीची गोष्ट आजवर तिला घाबरणाऱ्यांनीच सांगितली. ती स्वतः सांगायला लागली की बाईला डाकीण कोण ठरवतं, कशासाठी ठरवतं, तिच्या शेताचा तुकडा नंतर कुणाकडे जातो, हे सगळं उघडं पडेल. द. मा. मिरासदारांनी 'भुताचा जन्म' लिहिली तेव्हा भूत अफवेतून कसं तयार होतं ते हसत हसत दाखवलंच होतं. मुलं मूर्ख नसतात. गोष्ट आणि अंगारा यांतला फरक त्यांना बरोबर कळतो.

मग मी गेले. मुलं आठवी ते बारावीची, कुणी क्लासवरून आलेलं, कुणी कामावरून. मी यादी वाचत गेले. मुंज्याला हशा, सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला. हडळीला मुली गप्प. उंबऱ्यातल्या खिळ्यांपाशी एक जण म्हणाली, "आत बाळ असेल ना तिचं?" खवीस आला तेव्हा मागे बसलेला एक मुसलमान मुलगा म्हणाला, "ताई, आमच्याकडं जिन्न सांगतात. हा खवीस आम्हाला कुणी सांगितलाच नाही." मी वाचायची थांबले. त्याच्या समाजाच्या नावावर एक भूत दीडशे वर्षं फिरतंय आणि त्याच्या घरी त्याचा पत्ताही नाही! दुसऱ्यांनी बनवलेलं, दुसऱ्यांनी घाबरण्यासाठी वापरलेलं. तो म्हणाला, आता मीच लिहितो त्याची गोष्ट, पण आधी दादीला विचारतो. आणि मग एका मुलाने यादीवर बोट ठेवून विचारलं, "यात आमचं कुठलं?" मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, जागा मोकळी आहे, भर.

पुढच्या बैठकीला वह्या भरून आल्या. काय सांगू तुम्हाला!

एकाने डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं भूत लिहिलं होतं. नवले पुलावर तो अपघातात गेलाय. पण मोबाइलवर तो दिसतो, नकाशावर ती छोटी गाडी पुलावरच उभी, आणि खाली लिहिलेलं, चार मिनिटांत पोहोचेल. रोज रात्री, ज्याने त्या रस्त्यावरून काही मागवलं त्याला. शेवटी दारावर थाप पडते आणि तो फक्त म्हणतो, "रेटिंग द्या." लिहिणाऱ्याचा मोठा भाऊ हेच काम करतो. वाचून झाल्यावर कुणी तरी जेवण मागवायचं म्हणालं आणि सगळे ओरडले.

एकीने आंबील ओढ्याचा पूर घेतला होता. २५ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे, तेव्हा ती खालच्या इयत्तांत होती. तिच्या कथेत साती आसरा ओढ्यात राहतात, आधी त्यांना पाणी होतं, मग गटार झालं, मग भिंती झाल्या. पुराच्या रात्री त्या माणसं न्यायला येत नाहीत, ओढ्याची जुनी जागा मोजायला येतात. एक जण दोरी धरते, एक जण आकडा सांगते. वाटेत घरं येतात. धाकटी आसरा एका मुलीचं दप्तर उचलून उंचावर ठेवते, कारण तिला अक्षर शिकायचं असतं. शहर नियोजनावर मी इतकं नेमकं काही वाचलेलं नाही.

आणि हडळ. जिने बाळाबद्दल विचारलं होतं तिनेच लिहिली. हडळ परत येते, पाय उलटे असल्यामुळे तिची पावलं घरापासून दूर जाताना दिसतात, म्हणून कुणाला कळतच नाही की ती आली आहे. वाटेवर राळे टाकलेले. ते वेचल्याशिवाय भुताला पुढे जाता येत नाही, म्हणून ती वेचते, रात्रभर, एकेक. पदर भरतो. उंबऱ्याशी खिळे आहेत, आत जाता येत नाही. तेव्हा ती मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडते आणि त्याच राळ्यांचा मऊ भात शिजवते. बाळ भुकेने रडत असतं. सासूला वास येतो. सासू दार उघडते. पुढे काय होतं ते मी सांगत नाही, पण सासूही कुणाची तरी बाळंतीण होती एकदा, एवढं लक्षात ठेवा. तिला थांबवायला टाकलेलं धान्य तिने रांधलं! हे त्या मुलीला कुणी शिकवलं नाही, कुठल्या कार्यशाळेत सांगितलं नाही. दहावीतली मुलगी आहे ती.

मी आता ज्याला-त्याला फोन करते आहे. दिवाळी अंक काढणाऱ्या ओळखीच्यांना सांगते आहे की मोठ्यांच्या भयकथांशेजारी चार पानं या मुलांना द्या, शुद्धलेखन सुधारा, बोली सुधारू नका. आपल्या बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात, मी ते उलगडत बसले आहे, त्यात कोण कोण भेटतंय ते बघते आहे. सरोजिनी बाबरांनी जमवलेलं लोकसाहित्य, दुर्गाबाई भागवतांचं काम, रा. चिं. ढेऱ्यांचं काम, हे सगळं या पोरांच्या हातात गोष्टींचं सामान म्हणून पडायला हवं. भाची त्या वस्तीतल्या बैठकीला यायला लागली आहे. तिची व्हीलचेअरवाली व्हॅम्पायर तिने मराठीत सांगितली, आणि पोलिओ झालेल्या एका मुलाने तिला मध्येच थांबवून विचारलं, "तिला जिने कसे चढता येतात ते लिहिलंय का?" दोघांनी बराच वेळ त्यावर वाद घातला, आता ती दोघं मिळून पर्वतीच्या पायऱ्यांवर अडकलेलं एक भूत लिहीत आहेत.

चापाजी टिळेकर एका अकरावीतल्या मुलाने मागून घेतला आहे. त्याचा बाबा एका बंगल्यावर रखवालदार आहे. शनिवारवाड्यातली दासी मात्र कुणी घेईना, कारण तिचं नाव नाही, नावाशिवाय कसं लिहायचं म्हणून. काल हडळ लिहिणारीने हात वर केला. तिने मला पहिलं वाक्य कानात सांगितलं आहे, दासी स्वतःचं नाव सांगते त्यात. ते मी इथे लिहिणार नाही, येत्या रविवारी संध्याकाळी ती स्वतः वाचणार आहे.